सारामावशीची ऑनलाइन उपासना

रवि. ६ मार्च, लातूर
आज पुन्हा तेच. पाळकसाहेबांची प्रार्थना लांबली, फुकटच्या मीटिंगची वेळ संपली, आणि सगळे डोळे मिटून बसलेले, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. आमेन म्हणून डोळे उघडले तर पडद्यावर कुणी नाही. दुसरी लिंक पाठवली. निम्मे परत आलेच नाहीत, स्वयंपाकाला लागले असतील. देगलूरच्या येसुदासभाऊंचा कॅमेरा सुरुवातीपासून पंख्याकडे आहे. सांगून सांगून तोंड दुखलं.

सारामावशी मात्र आली परत. निळ्या अक्षरांवर बोट ठेवायचं, एवढंच शिकवलंय तिला, तेवढं ती चोख करते. प्रभुभोजनाला द्राक्षरस कुठून आणणार? वाटीत गुळाचं पाणी, हातात भाकरीचा तुकडा.

मंगळ. ८ मार्च
शाळेतून येते तर पा.सा. दारात. ईस्टरपासून सगळे हॉलमध्ये, ऑनलाइन बंद. मोबाईलवर प्रभुभोजन होत नाही म्हणे. मावशीचं गुळाचं पाणी त्यांनी बघितलं होतं. शिवाय लोक सोकावलेत, पलंगावर लोळत उपासना ऐकतात. हे खरंच आहे, म्हणून जास्त राग आला.

पण हॉल म्हणजे कोचिंग क्लासच्या डोक्यावरचा दुसरा मजला. मावशी भूकंपापासून स्लॅबखाली बसलेली नाही. नवरा आणि दोन्ही मुलं एका रात्रीत गेली. पुनर्वसनात मिळालेल्या पक्क्या घरात ज्वारी ठेवते, स्वतः बाहेर पत्र्याखाली झोपते. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन सुरू झालं तेव्हा कुठे ती मंडळीत आली. हे सगळं सांगितलं. म्हणाले, गाडी पाठवू. गाडीचा प्रश्न आहे का हा!

बुध. ९ मार्च
मावशीला फोन. गाडीचं सांगितलं. "न्हाई बाई. तुमी जावा समदे. म्या हितंच बरी."
बरी म्हणे.

रवि. २० मार्च
पा.सा.शी वाद घातला, तोही हॉलच्या जिन्यात, खालून क्लासची पोरं चढतायत. शेवटी त्यांनी एवढं कबूल केलं : पुढच्या रविवारी सगळ्यांना विचारतो. ज्याला ऑनलाइन हवं त्याने स्वतः उठून सांगावं. दुसऱ्याने त्याच्या वतीने नको. (हे मला.)

मावशी दोन वर्षांत 'जय ख्रिस्त'पलीकडे एक शब्द बोललेली नाही. फोन केला. "काय बोलू म्या?" जे आहे ते बोल म्हटलं. मग, "बघते."

रवि. २७ मार्च


मोबाईल स्टँडवर लावला. कुणाचा कुकर, कुणाचा टीव्ही, मावशीचा कोंबडा. नेहमीप्रमाणे मीच सगळ्यांना म्यूट केलं. पा.सा. म्हणाले, ज्याला बोलायचंय त्याने बोलावं, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकावं. मीही मिटले. काहीच ऐकू येईना म्हणून उघडून बघते तर पडद्यावर मावशीचे ओठ हलतायत. डोक्यावर पदर, डोळे घट्ट मिटलेले, गालावर पाणी. माइक बंद.

माझ्याकडून तो चालू करता येत नाही. 'माइक सुरू करा' अशी विनंती पाठवता येते, ती दिसायला डोळे उघडे हवेत. हाक मारली, हॉल दचकला, मावशी बोलतच राहिली. किती बोलत होती! मग तिने आमेन केलं. ते कळलं, ओठांवरून, आणि तेवढ्यात फुकटची वेळ संपून मीटिंग बंद पडली.

पा.सा.: "कुणी काही बोललं नाही. म्हणजे सगळ्यांची संमती आहे." मी तोंड उघडेपर्यंत गीत सुरू झालं. उपासना सुटताच पा.सा. नांदेडला रवाना.

सोम. २८ मार्च
सकाळीच मावशीचा फोन. आवाज इतका मोकळा मी कधी ऐकला नव्हता.
"सांगितलं बघ समदं. धाकटा हाका मारत व्हता त्येबी सांगितलं. आजवर कुनाला बोलले नव्हते. कुनी कायबी बोललं न्हाई मागून. रडत व्हते का समदे?"
होय मावशी, म्हटलं.
"आता बंद न्हाई करनार न्हवं?"
रेंज गेली म्हटलं आणि फोन ठेवला.

बुध. ३० मार्च
पा.सा. परत आले. जाऊन सगळं सांगितलं. माझा राग ऐकून घेतला, हे मान्य करायला हवं. ते स्वतःही हलले. म्हणाले, "चूक झाली, नीलिमाताई. मी निर्णय थांबवतो. त्या काय बोलल्या तेवढं तुम्ही रविवारी मंडळीला सांगा, मग ठरवू."

मी 'हो' म्हणून आले.

काय सांगू? धाकटा हाका मारत होता, एवढंच मला माहीत आहे. पुन्हा बोल म्हणावं तर आधी तिला सांगावं लागेल की कुणी ऐकलंच नाही.

संध्याकाळपासून तीनदा नंबर लावला. रिंग व्हायच्या आधीच कापला.