दोन टबांचा आकडा

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मी तर जिवंत माणसांनाही कधी पत्र लिहिलेलं नाही. चौथीपर्यंत शाळा झाली. त्यानंतर हातात पुस्तक आलं ते गरम पातेलं उतरवताना धरायला. नातीच्या वहीतली कोरी पानं फाडून हे लिहितेय. अक्षर वाकडं आहे, पण तुम्ही कुठे मार्क द्यायला बसलाय. लिहायचं कारण एवढंच की माझी नात आता तुमचाच विषय शिकवते, इंजिनिअरिंगच्या पोरांना. तुमच्याच एका विद्यार्थ्याकडून तिला टिपणं मिळाली, आणि त्यात 'कँटीनचा आकडा' आहे. तो आकडा माझ्या हातचा आहे हे तिला कळल्यावर घरात कौतुक सुरू झालं. सोमवारी तिच्या वर्गात मला बोलावलंय. त्या आकड्याबद्दल तुमच्याशी बोलायचं राहून गेलं होतं. माफी मागायला लिहितेय असं मात्र समजू नका.

तुम्ही लोणी काळभोरच्या अलीकडच्या त्या कॉलेजात आलात तेव्हा मी आणि माझी जाऊ कँटीनच्या मोरीत चहाचे ग्लास धुवायला होतो. पलीकडे खराडीत काचेच्या इमारती उठत होत्या आणि सगळ्या पोरांचे डोळे तिकडे. जो तो कॉम्प्युटर शिकायला पळायचा. तुमच्या विषयाला मोजकी डोकी, तीही बरीचशी दुसरीकडे जागा न मिळालेली. तुम्ही मात्र नारायण पेठेतून रोज स्कूटरवर यायचात आणि असं शिकवायचात की जणू बाहेर रांग लागलीय. मधल्या सुट्टीत कँटीनमध्येही तोंड बंद नाही. समोरच्या पोराचा पेन उचलायचा आणि विचारायचं, हा कुठून आला? तेल कुठल्या जमिनीतून निघालं, प्लास्टिक कुठे झालं, कुठल्या ट्रकनं इथं आलं, संपल्यावर कुठे जाणार? वस्तूची जन्मापासून सरणापर्यंतची सगळी कहाणी काढायची आणि त्यात पृथ्वीचं किती गेलं ते मोजायचं, असा तुमचा विषय. नाव इंग्रजी होतं, लांबलचक. मी मोरीतून ऐकायची. मला वाटायचं, सासू नव्या सुनेची चौकशी करते तशी हा माणूस पेनाची करतोय.

आपलं पहिलं बोलणं भांडणानंच झालं, आठवतं का? थंडीचे दिवस. पाण्यात हात घालून बोटं काकडलेली, म्हणून मोरीमागे दुधाच्या रिकाम्या पिशव्या पेटवून मी शेकत बसलेय. तुम्ही तिथून जाताय. थांबता.

"अहो मावशी, हे विष आहे. प्लास्टिक जाळायचं नसतं."

"मग काय करायचं, सर? पुरायचं का खायचं?"

"गोळा करून द्यायचं. जाळलं की तुमच्याच छातीत जातं."

"आन् तुमची स्कूटर पेठेतनं इथवर काय उदबत्ती सोडत येती?"

माझी जाऊ तोंडाला पदर लावून हसली. तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या दिवशी चहाचा ग्लास परत करायला स्वतः मोरीपाशी आलात आणि म्हणालात, "स्कूटरचं मोजलं काल. तुमच्या पिशव्यांपेक्षा वाईट निघालं." मला ते आवडलं. पण तुम्ही त्या दिवशीही स्कूटरवरच आला होतात, तेही मी पाहिलं होतं.

मग ते कपाचं प्रकरण झालं. तुम्ही वर्गाला काम दिलं होतं: आपल्या कँटीनमध्ये काचेचा ग्लास बरा की कागदी कप? पोरांनी महिनाभर कागद काळे केले आणि कागदी कप जिंकला म्हणून जाहीर करून टाकलं. कँटीनचा ठेकेदार टपूनच बसला होता. कंपन्यांचे साहेब नोकऱ्या द्यायला कॉलेजात येणार, त्यांना ओले ग्लास कसे द्यायचे, ही वरच्यांची काळजी आधीपासून होतीच. ठेकेदार मोरीच्या दारात येऊन म्हणाला, "एक तारखेपासून ग्लास बंद. पोरांनी शास्त्रानं सिद्ध केलंय. तुम्ही दोघी दुसरीकडे बघा." माझी जाऊ रडायला लागली. मला रडू येत नाही, राग येतो. तशीच उठले, साडी कमरेला खोचलेली, कोपरापर्यंत हात ओले, आणि जिना चढून तुमच्या वर्गात गेले.

फळ्यावर चौकोनच चौकोन. पाणी, साबण, वीज, ट्रक, सगळ्यांना एकेक चौकोन आणि बाणांनी एकमेकांना बांधलेले. सगळ्यांच्या भोवती एक तुटक रेघ. तुम्ही पोरांना सांगत होतात की ही आपली हद्द, आतलं मोजायचं, बाहेरचं सोडायचं. सर, माझं माहेर शेतकऱ्याचं, सासर शेतकऱ्याचं. बांध कोरणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. दोरी ज्याच्या हातात, त्याचं शेत रुंद होतं.

"एक ग्लास धुवायला किती पानी धरलंय?" मी विचारलं. पुढच्या बाकावरच्या पोरानं सांगितलं. मी म्हटलं, "येवढ्यात मी धा ग्लास काढते. कुणी सांगितलं तुला?"

"पुस्तकात आहे, मावशी."

"पुस्तकात कोन धुतं?"

"मशीन. गरम पाण्यानं."

"मग तिलाच बोलवा की कँटीनला. भांडी घासंल, वर तुमची उष्टी बी काढंल."

वर्ग हसला. मग मी फळ्यावरच्या शेवटच्या चौकोनावर बोट ठेवलं. कागदी कपाचा बाण तिथे जाऊन संपत होता. मी विचारलं, हे काय? एकजण म्हणाला, कचरा डेपो. मी म्हटलं, "आसं व्हय. ह्या चौकोनात माझी हीर हाय." तेव्हा कुणी हसलं नाही. शहराच्या कचऱ्याचे ट्रक आमच्या शिवाराच्या कडेला रिकामे होत होते, आणि विहिरीचं पाणी पिवळं पडून आम्ही ते प्यायचं सोडलं होतं. तुमच्या फळ्यावर त्याला बोटभर जागा होती.

तुम्ही खडू खाली ठेवलात. म्हणालात, "उद्या सकाळी मोजायला येतो. रोज जसं धुता तसंच धुवा."

आता जे लिहायचं ते लिहिते. रोज आम्ही तीन टब लावायचो. पहिल्यात पावडरीचं पाणी आणि काथ्या, दुसऱ्यात साबण उतरवायचा, तिसऱ्यात स्वच्छ पाण्यातून काढायचं. दुसऱ्या दिवशी तुम्ही येण्याआधी मी तिसरा टब उचलला, कोरडा केला आणि त्यात कांदे भरून कोपऱ्यात सरकवला. माझी जाऊ बघतच राहिली. "अगं, तिसरा?" मी म्हटलं, "कांदं निवडायला घे आन् गप बस." तुम्ही मापाचं भांडं घेऊन आलात, सोबत दोन पोरं. स्टुलावर बसलात. टब भरण्याआधी पाणी मोजलंत, पावडर तागडीत तोललीत, ग्लास मोजलेत. महिन्याला किती फुटतात तेही विचारलंत. मी म्हटलं चार-पाच, ते बी तुमच्या पोरांच्या हातनं. तुम्ही सगळं लिहून घेतलंत. कोपऱ्यात माझी जाऊ एकेक कांदा उचलून पुन्हा त्याच टबात टाकत होती.

ग्लास जिंकला. कागदी कप गेटातून आत आले नाहीत. आम्ही दोघी राहिलो. तुम्ही वर्गात सांगितलंत म्हणे, की पुस्तकातला आकडा उचलून आणू नका, मोरीत जाऊन बसा.

तुम्ही आज समोर असतात तर विचारलं असतं. तुमच्या पोरांनी परदेशातल्या मशीनचं पाणी माझ्या मोरीत ओतलं, त्याला तुम्ही गृहीतक म्हणालात. मी एक टब उचलला तर ती चोरी? त्यांना उत्तर लवकर हवं होतं, मला काम हवं होतं. दोघांनाही आकडा कुठल्या बाजूला पडायला हवा ते आधीच ठाऊक होतं. फरक एवढाच की त्यांची चूक सुधारायची होती आणि माझी पकडायची. आणि माझी चूकही मी तशीच ठेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी दोनच टब लावले. माझी जाऊ म्हणाली, आता तर गेले ते मोजून, लाव की तिसरा. मी लावला नाही. आधी ग्लासातला चहाचा गाळ कोरडाच झटकून काढायचा, काथ्याला पावडर नखाएवढीच, दुसऱ्या टबात ग्लास उलटा बुडवून दोन वेळा फिरवायचा, अशी रीत बसवली. कँटीन सोडेपर्यंत तशीच धुतले. तुम्ही वर्षामागून वर्ष तो आकडा शिकवत होतात, आणि खाली मोरीत मी तो रोज खरा करत होते. खोटा होता तो त्या एका दिवसापुरता. हे कुठल्या मोठ्या माणसाला जमलंय ते सांगा.

तुम्ही गेल्याचं मला कँटीनच्या भिंतीवरच्या नोटिशीवरून कळलं. मी आले नाही. तुमच्या दारात उभं राहून काय सांगायचं, कोण म्हणून? ग्लास धुवायचे होते, ते धुतले.

गेल्या आठवड्यात नातीला सगळं सांगून टाकलं. ती पोरांसाठी चित्रं काढत बसली होती कॉम्प्युटरवर, तेच चौकोन. तिला वाटलं मी गंमत करतेय.

"आजी, सीरियसली? मी हा डेटा तीन वर्षं शिकवतेय!"

"मग चौथ्या वर्षी दुसरा शिकव."

"तुला कळतंय का? मी पोरांना सांगते की आपल्याकडे हा एक आकडा प्रत्यक्ष मोजलेला आहे. हा एकच! बाकी सगळे बाहेरचे. आणि तू म्हणतेस, कांदे!"

"कांदे खोटे नव्हते."

ती हसली नाही. कॉम्प्युटर बंद केला. तिचा चेहरा बघून मला पहिल्यांदा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तिला नोकरीवर पाठवलं तेव्हा मी आळीभर सांगत फिरले होते. आता तिला वर्गात उभं राहून सांगावं लागणार की मी शिकवलेलं चुकीचं होतं, आणि चूक माझ्या आजीची. ती म्हणाली, "सोमवारचं राहू दे. तू येऊ नकोस. माझं मी बघते." तिला वाटलं असेल की म्हातारी सुटली म्हणून खूश होईल.

मी म्हटलं, "येणार. टब घेऊन येणार. पोरांसमोर धुते, त्यांना मोजू दे. पण एक गोष्ट. तुला कुठला आकडा हवाय ते मला आधी सांगायचं नाही. आणि कागदी कप जिंकला तर जिंकला, मला तोंड पाडून बघायचं नाही." ती म्हणाली, "आणि कांद्यांचं?" मी म्हटलं, "ते बी सांगते. पण रडत नाही सांगणार. तुझ्या पोरांनी आधी मला सांगावं, त्यांनी कुठले आकडे न बघता उचललेत." त्यावर ती थोडी हसली. तुमच्यासारखंच, ओठांच्या एका कोपऱ्यानं. शिकवणाऱ्यांना हे येतंच वाटतं.

तर सोमवारी जाते. हे पत्र कुठे टाकायचं नाही, पाकीट आणलेलं नाही. आता एकच सांगायचं राहिलं, ते नातीलाही बोललेले नाही. काल दुपारी घरात कुणी नव्हतं. शेजारच्या मंडळाचे चहाचे ग्लास मागून आणले आणि हात चालतो का बघावं म्हणून तीन टब भरले. ग्लास धुऊन पालथे घातले तेव्हा लक्षात आलं, तिसऱ्या टबातलं पाणी भरलं तसंच नितळ. हात तिकडे गेलाच नव्हता. मग धुतलेल्यातला एक ग्लास उचलला आणि इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं, नाकाशी धरला. पावडरीचा वास येत होता, सर. थोडाच, पण येत होता. आणि तुम्ही मधल्या सुट्टीत रोज दोन दोन वेळा त्यातून चहा प्यायलात, एक शब्द न बोलता.