त्रेचाळीस तुकडे

१७ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे, तूही बरी असशील. तुझं पाकीट सोमवारी मिळालं. आत पुस्तकाचं हस्तलिखित होतं, संमतीचा फॉर्म होता आणि त्यावर चिकटवलेली तुझी पिवळी चिठ्ठी: "मुके, नववं प्रकरण वाच आणि सही ठोकून दे. प्रकाशक भित्रा आहे, जिवंत नातेवाईक म्हटलं की त्याला घाम फुटतो. आणि जिवंत अशी तू एकटीच उरलीस." वाचून मी हसले, हे नोंदवून ठेवते.

इकडे सगळं ठीक आहे. रेकॉर्डिंग स्टुडिओत नवीन कन्सोल आला, त्यामुळे आठवडाभर जमिनीवर बसून केबलांना नंबर चिकटवते आहे. आईच्या खोलीतला पलंग देऊन टाकला. खिडकीचं दार अजून नीट लागत नाही. सुताराला दोनदा सांगितलं, तो दोन्ही वेळा "उद्या नक्की" म्हणाला.

नववं प्रकरण चांगलं लिहिलं आहेस. "शेवटी आईला कुणीच ओळखू येईना, पण माझा आवाज ती ओळखायची. मी कुठेही असले तरी रोज तिच्या जेवणाच्या वेळी फोन करायचे. माझ्या आवाजावर आई जेवली." हेच तू तुझ्या एकपात्री प्रयोगातही सांगतेस. त्याचं रेकॉर्डिंग आमच्याकडेच संपादनाला आलं होतं. 'जेवली' नंतर तू जिथे थांबतेस तिथे मागच्या रांगेतलं कुणीतरी नाक ओढतं. मी ते काढलं नाही. त्याने परिणाम वाढतो.

त्याखाली मी येते. "माझी धाकटी बहीण यंत्रांत रमणारी. ती घरात होती, पण बोलायची नाही. आईची शेवटपर्यंत हीच तक्रार होती."

फॉर्मवर एक वाक्य छापलेलं आहे: 'माझ्यासंबंधीचा मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.' असं वाक्य समोर आलं की मी तपासते. दुसरं काही मला येत नाही.

आई आजारी होती बावीस महिने. त्या काळात तुझे फोन आले चार. शेवटचा एकोणीस सेकंदांचा होता, आणि त्यातही तू विंगेत उभी होतीस.

सातव्या महिन्यात आईने जेवण सोडलं. मला ती तोवर विसरली होती. मला अहो-जाहो करायची. "अहो बाई, तुम्ही कशाला रोज त्रास घेता? माझी मोठी येईल आता, ती भरवेल." घास पुढे केला की परक्या बाईपुढे मिटावं तसं तोंड मिटायची. मी तुला कळवलं, रोज दोन मिनिटं फोन कर. तुझं उत्तर माझ्याकडे आहे: "अगं, दौऱ्यात वेळेचा पत्ता नसतो. तू आहेस ना. तुला सगळं नीट जमतं."

जमलं.

तुझ्या पहिल्या एकपात्रीचं रेकॉर्डिंग मीच केलेलं. त्यात तू लहान मुलीला भरवतेस तो प्रवेश आहे. तो प्रवेश, तोवर आलेल्या तुझ्या फोनांची रेकॉर्डिंग आणि वाढदिवसाला पाठवलेले आवाजी निरोप, एवढ्यातून मी तुकडे कापले. 'जेव गं.' 'अजून एक घास.' 'मग पुढे काय झालं?' 'असं करतात का?' एकूण त्रेचाळीस. प्रत्येकाला लॅपटॉपवर एक कळ दिली. लॅपटॉपशी जोडलेला फोन आईच्या हातात द्यायचा, मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायची आणि कळा दाबायची. आईला सांभाळणाऱ्या मावशी घास भरवायच्या. तुझाच फोन आहे, असं मी त्यांना सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी आईने अर्धी वाटी संपवली. तिसऱ्या दिवशी घास तोंडातच धरून म्हणाली, "तू दम का घेत नाहीस गं? एवढी कसली घाई?"

चूक माझी होती. सवयीने मी सगळे श्वास कापून टाकले होते. आमच्याकडे श्वास म्हणजे कचरा. तुझे श्वास परत आणावेत, तर त्यांवर प्रेक्षकांचे खोकले बसलेले. मग मी माझे घेतले. माईकसमोर बसून अकरा वेगवेगळे श्वास रेकॉर्ड केले आणि तुझ्या शब्दांच्या मध्ये लावले. त्यानंतर आईने तक्रार केली नाही.

मावशी म्हणायच्या, "तुमच्या ताईंचं कौतुक बाई, एक दिवस चुकवत नाहीत. नाहीतर आजकालच्या पोरी." मी मान हलवायची.

आई गेल्यावर तू आलीस, तेव्हा हेच त्यांनी सगळ्यांसमोर तुला सांगितलं. "तुमच्या फोनवर जेवायच्या हो त्या." मी तुझ्याकडे बघत होते. तू दोन सेकंद गप्प होतीस. दोन सेकंद किती असतात ते मला बरोबर कळतं. मग तू मावशींचा हात हातात घेतलास आणि म्हणालीस, "आई होती माझी."

त्या खोलीत बारा माणसं होती. तू रोज फोन केले नव्हतेस हे त्यांच्यापैकी दोघींनाच माहीत होतं, आणि त्यातली एक तू. मग कोण बोलत होतं आईशी, एवढं तू मला विचारू शकली असतीस. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी. चहा करताना, बॅग भरताना. मी वाट पाहिली. स्टेशनवर सोडायला आले तेव्हासुद्धा पाहिली. तू म्हणालीस, "मुके, जरा माणसांत मिसळत जा."

श्रेय घेतलंस त्याचा मला राग नाही. असेल तर तो मला झेपतो. विचारलं नाहीस, ते झेपत नाही.

आता तक्रारीचं. तीही तुला मावशींनीच सांगितली असणार, आणि ती खरी आहे. माझ्यासमोर झालेली आहे.

बुधवार होता, दुपारचं जेवण. तिसऱ्या घासानंतर आई फोनमध्ये म्हणाली, "धाकटी माझ्याशी बोलत नाही गं. कित्येक महिने झाले. घरात असते म्हणतात, पण आवाज येत नाही तिचा. माझं काही चुकलं का?"

मी तिच्यापासून चार फुटांवर होते. आई, मी इथेच आहे, एवढं म्हणता आलं असतं. ती दचकली असती, अहो बाई म्हणाली असती, जेवण थांबलं असतं. ही कारणं मी तेव्हा मोजली की नंतर, ते आता सांगता येत नाही. तिच्या प्रश्नाला देण्याजोगं उत्तर त्रेचाळीसमध्ये नव्हतं. सुटं 'नाही' मी कधी कापलंच नव्हतं. लागेल असं वाटलं नव्हतं. ती वाट बघत होती. जे नेहमी चालायचं ते मी दाबलं. सतरा नंबर.

"हो गं, मला माहीत आहे. तू जेव."

दाबल्यावर मला कळलं. आईने मान हलवली, शाळेतल्या बाईंनी चूक दाखवल्यावर मुलं हलवतात तशी. म्हणाली, "बरं. तिला सांग, आता नाही चुकणार." आणि उरलेलं सगळं जेवली. मावशी खूश झाल्या.

त्यानंतर नऊ दिवस ती होती. रोज जेवली. मी रोज कोपऱ्यात बसले.

तेव्हा, ताई, तुझं वाक्य माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे. फॉर्म तरीही कोरा परत पाठवते आहे. भांडत नाही. तू मला त्या प्रकरणातून काढून टाक. मी नसले की माझी सही लागणार नाही, आणि तुझ्या भित्र्या प्रकाशकाला झोप लागेल. बाकीचं जसं आहे तसं राहू दे. रोजचे फोनसुद्धा. लोकांना ते आवडतं, आणि ज्यांना ते खरं वाटायला हवं होतं त्यांना वाटून झालं.

तुकडे तुला पाठवणार नाही. पाठवले तर तू रडशील, हे मला माहीत आहे. आणि पुढच्या दौऱ्यात ते ऐकवशील, हेही.

मला काढलंस की दुसऱ्या परिच्छेदात तीन ओळींची जागा मोकळी होईल. तिथे दुसरं काही लिहू नकोस.

फोन करू नकोस.

धाकटी