मांडवावरची घरपट्टी

बाळकुम,
हनुमान जयंतीचा दुसरा दिवस

ती. पंढरीदाजींस,

सीतारामचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि आवडाताई साखरेचं पथ्य पाळते का (की तुम्हालाच पाळायला लावते), ते कळवावे. आम्ही गावदेवीच्या कृपेने सुखरूप आहोत.

तर घरपट्टीचं सविस्तर. गेल्या वर्षी पुतण्या हर्षितची हळद आमच्या अंगणात झाली. त्या दुपारी एक सडपातळ गृहस्थ फीत घेऊन मांडव मोजू लागले. मला वाटलं, मांडव केवढा घातलाय ते बघायला मुलीकडच्यांनी माणूस पाठवला (आपणही पाठवलेला आहे, नाही म्हणू नका). कमीपणा नको म्हणून फितीचं दुसरं टोक मीच धरलं आणि विहिरीपलीकडे नेलं. मांडव कधी काढता, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आमच्याकडे कार्य संपतंय कुठे, बारा महिने पंगती उठतात. त्यांनी कागद पुढे केला, मी आनंदाने सही केली आणि त्यांना जेवायला बसवलं. दारी आलेल्याला आधी वाढायचं, कोण कुठला ते नंतर विचारायचं, अशीच आपल्याला सवय. ते गृहस्थ घरपट्टी खात्याचे निघाले. पुढे बिल आलं: अंगणात कायमस्वरूपी लग्नाचा हॉल, घरपट्टी चार लाख बारा हजार.

अपील केलं आणि निर्धास्त झालो. पण नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही, स्थगितीसाठी वेगळा अर्ज लागतो, हे मला दारावर जप्तीची नोटीस चिकटली तेव्हा कळलं. मुदत एकवीस दिवसांची, आणि बाविसाव्या दिवशी आपल्या कल्पिताची हळद. लेकीला हळद लागायची आणि घराला सील, या विचाराने मला देवापुढे बसूनही जप सुचेना. पळत जाऊन स्थगितीचा अर्ज दिला.

सुनावणीला निघताना आमच्या सौ. रंभाने बजावलं, "मागल्या वेळी बोललात तेवढं पुरे झालं. आता तोंड मिटून बसा." बसलो. पण सुनावणी घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, मांडव तात्पुरता होता का? माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, खरं पाहता आपण सगळेच तात्पुरते."

"आणि कर?" त्या म्हणाल्या.

मग मी मुकाट हळदीचा अल्बम पुढे केला. त्यांनी पानं उलटली, एका फोटोवर थांबल्या आणि समोरच बसलेल्या त्या सडपातळ गृहस्थांकडे पाहिलं. फोटोत तेच होते, कानापर्यंत पिवळे, डोक्याला फेटा, हातात दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं ताट.

"हॉलमध्ये तुम्हाला हळद कोणी लावली?"

"जेवण चांगलं होतं, मॅडम," ते हळूच म्हणाले.

मॅडम अशा हसल्या की शिपाईसुद्धा डोकावून गेला. कराचा चौथा हिस्सा भरून घेतला आणि निकाल लागेपर्यंत वसुली व जप्ती दोन्हींना स्थगिती दिली. बाहेर येऊन मी जिन्यातच हात जोडले. घर वाचलं, दाजी. रंभाने त्या दिवशी गल्लीभर पेढे वाटले, आणि मला बोलायची परवानगी दिली.

तुमचा,
सीताराम

ता. क. स्थगितीला एक अट आहे, ती लिहायची राहिली. निकालापर्यंत आमच्या अंगणात चार बांबूसुद्धा उभे करायचे नाहीत, आणि निकाल आषाढात. तुमचं डोंबिवलीचं अंगण मात्र मोकळं आहे. कल्पिताला भीतभीत विचारलं, तर म्हणाली, "बाबा, मी चालायला शिकलेले आत्याच्याच अंगणात. तिथेच लावा हळद." आता तुम्ही नाही म्हणू नये, एवढीच विनंती.

आणखी एक. आवडाताईला हे सगळं आठ दिवसांपासून ठाऊक आहे. मांडववाला, आचारी, वाजवायला बेंजोवाले तिनेच ठरवले. पत्रिकेवर पत्ताही तुमचाच छापला. फक्त तुम्हाला कोणी सांगायचं, यावर आम्हा बहीणभावांचं एकमत होत नव्हतं, म्हणून हे पत्र.