तीस सेकंदांखालचे फोन

लाँगरीच, १४ जून

प्रिय कोराली,

तुझं तिसरं पत्र मिळालं. कीथ गेला त्या सकाळी त्याने आमच्या डॉक्टर-लाइनला फोन केला होता, तो तुला ऐकायचाय. "तो घाबरला होता का, एवढंच कळू दे गं, देस्ली. मी मेंढ्यांत होते." हे वाक्य भांडी घासतानाही माझ्या कानात असतं.

ऑफिसात जुने फोन शोधून देणारा आमचा नेव्हिल निवृत्त होतोय. चार वर्षांपूर्वी आमच्या डिस्का रेकॉर्ड केलेल्या फोनांनी भरून गेल्या, एक फोन शोधायला अर्धा दिवस जायचा. नेव्हिल म्हणायचा, "बाई, फायली म्हणजे गाई आहेत का, हाक मारली की यायला?" मग मीच पद्धत बसवली. प्रत्येक फोनपुढे नंबर, तारीख, लांबी. खरे फोन सात वर्षं ठेवायचे. तीस सेकंदांखालचे म्हणजे चुकून लागलेले, खिशात दाबले गेलेले; ते नव्वद दिवसांनी आपोआप पुसायचे. निम्मी जागा मोकळी झाली. ऑफिसने केक आणला. मी दोन तुकडे खाल्ले.

तुमच्याकडे आले की मी माझ्या आईशी फोनवर बोलत बसायची आणि कीथ स्वयंपाकघरातून ओरडायचा, "देस्ली, आटप! बाकीच्यांनाही तोंडं आहेत!" घरोघरी फोन नव्हते, सगळं रान एकाच रेडिओवर पाळीपाळीने बोलायचं, तेव्हाची सवय. काम सांगायचं, ठेवायचं. तुला मागणीसुद्धा त्याने "शनिवारी येतो, हो म्हणून ठेव" एवढ्यावरच घातली होती ना? मीही त्याच रानात वाढले. नियम लिहिताना ही माणसं मला आठवली नाहीत, याला मी विसर म्हणू की शहरात शिकल्याचा माज, ठरवता येत नाही.

तुझा अर्ज आला तेव्हा कीथला जाऊन एकोणऐंशी दिवस झाले होते. तुझ्याआधी सोळा जण होते. मैत्रीण म्हणून तुला पुढे काढणं मला गैर वाटलं. खरा फोन सात वर्षं राहतो, घाई कसली, असं मनाशी म्हटलं. पंधरा दिवसांनी तुझी पाळी आली. त्याच्या नंबरापुढे एकच ओळ होती: सकाळी सहा बारा, अठरा सेकंद, फोन करणाऱ्याने ठेवला. आवाज चार दिवसांपूर्वी पुसला गेला होता. फोन घेणाऱ्या मुलीला विचारलं, तिला आठवत नाही. यंत्रवाल्यांना विचारलं, ते म्हणाले, परत येत नाही. त्यानंतर दोन महिने मी तुला "शोधते आहे" असं कळवत राहिले. मी शोधत नव्हते, कोराली. पहिल्याच दिवशी ती फाइल उघडली असती तर तो बोलला असता. आता तो घाबरला होता का, हे तुला कुणीच सांगू शकणार नाही, आणि ते माझ्यामुळे.

तू म्हणू देशील तर तुझीच,
देस्ली