उकंडाच्या मागं चालणाऱ्या बाया

१३ मे, गावावरून

प्रिय दादा,

जय भीम. तुले फोन लावून लावून थकली, तू उचलत नाहीस. बाबाची वकिली करून राह्यली असं तुले वाटत असंल. म्हणून ही चिठ्ठी. बबलू उद्या ट्रक घेऊन वणीले येते, त्याच्याजवळ देते.

मी बरी आहे. ऊन असं तापलं की कवेलूच्या छपराखाली बसवत नाही. महिनाभर तेंदूपत्त्याच्या कामावर जाऊन राह्यली. सकाळी बायांसंग जंगलात पानं तोडायची, दुपारी पुडके बांधून फळीवर, मुन्शीच्या मोजणीच्या मैदानात, वाळू घालायचे. मुन्शी देवीलाल अजून तसाच किरकिऱ्या आहे. पुडक्यात एक पान कमी निघालं तरी कपाळाले हात लावते.

सोळा तारखेले नागपूरवरून माझी गाडी आहे. कॉलेजच्या पथकासंग लडाखले जाऊन राह्यली, पाखरांच्या अभ्यासाले, पावसाळाभर. बाबा साऱ्या गावाले सांगून आला. मग मलेच इचारते, "तिथं झाडंच नाहीत म्हणतात, मंग पाखरं बसतात कुठं वं?"

बाबा बरा आहे. अजून बायांच्या पुढं तोच चालते. तुले तर माहीतच आहे, उकंडा थांबला तर थांबायचं, चालला तर चालायचं. वानर खाकरलं, मोर ओरडला, की वाघ जवळ आहे हे सगळ्यांच्या आधी त्याले समजे. यंदा नाल्याकडं वाघीण आहे, पिल्लासंग. त्याच्याशिवाय एक बाई जंगलात पाय टाकत नाही.

बरं, किती वेळ इकडचं तिकडचं लिहू. दादा, बाबाले ऐकू येत नाही.

कमी येते असं नाही. येतच नाही. तोंडाकडं पाहून तो बोलणं वळखते, अन् बरोबर जबाब देते, म्हणून कोणाले पत्ता नाही. मी सुट्टीत आली त्याच आठवड्यात मले समजलं. चुलीजवळ दूध उतू गेलं, मी मागून ओरडून राह्यली, अन् हा आपला बिडी वळत बसला. इचारलं तर खेकसला, "मी काय बहिरा आहो काय? तू तुह्या अभ्यासाचं पाह्य!" तवापासून मी जंगलात त्याच्या बाजूनं चालते. वानर खाकरलं की हळूच त्याच्या कोपराले हात लावते. तो थांबते, मागं बाया थांबतात. यावर आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

परवा देवीलालनं मले सकाळीच फळीवर अडकवून ठेवलं. बाबा मले न सांगता बायांना घेऊन निघून गेला. समजलं तशी मी पळत सुटली. नाल्याच्या अलीकडं गाठलं, तर वानर जीव तोडून खाकरून राह्यलं होतं. बाया थबकल्या होत्या. पण बाबा चाललाच होता, आपल्या शेतात चालते तसा. तवा मानीबाई म्हणे, "उकंडाभाऊ चालून राह्यला म्हणजे काही नाही, चला वं." अन् साऱ्याजणी निघाल्या ना रे त्याच्या मागं! त्यात उर्वशी पोटुशी आहे.

मी किंचाळली. बाया जागच्या जागी थिजल्या. बाबाच्या पुढ्यात, आपल्या अंगणाइतक्या अंतरावर, वाघीण जाळीतून उठली. तवा कुठं तो थांबला. तिनं पाहिलं आमच्याकडं, अन् पिल्लाले घेऊन नाल्यात उतरली.

अन् संध्याकाळी गावात काय चर्चा? "उकंडाची छाती पाहा, वाघिणीसमोर पाऊल डगमगलं नाही!" लोक ओट्यावर येऊन त्याची पाठ थोपटून राह्यले होते. बाबा हसत होता, अन् एकेकाच्या तोंडाकडं पाहत होता. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी गेली तर त्याच्या बाजूनं कोण चालंल? नाही गेली तर किती दिवस चालू? पत्त्यानंतर सरपण आहे, मोहाची टोळी, बिया येचणं आहे, बायांचं जंगल काही संपत नाही. मले जायचं आहे, दादा. लय जायचं आहे. अन् सांगून टाकलं तर बाबाजवळ उरते काय? आई गेली. "जंगल सोड, वणीले चाल" म्हटलं म्हणून त्यानं तुले घराबाहेर काढलं. त्याच्याजवळ ते पुढं चालणंच आहे.

थांबते. भाकरी टाकायच्या आहेत.

१४ मे

बबलूची गाडी बिघडली, उद्या निघते म्हणे, चिठ्ठी माझ्याजवळच राह्यली.

आज सकाळी बाया निघायले जमल्या, तवा मी सांगून टाकलं. बाबाच्या समोर उभी राहून, सावकाश, त्यालेबी समजंल असं. "बाबाले ऐकू येत नाही. त्या दिवशी तो हिमतीनं नाही चालला. त्यानं वानर ऐकलंच नाही."

उर्वशी पोटावर हात ठेवून मटकन खाली बसली. मानीबाई बाबाले म्हणे, "खरं काय, भाऊ?" तिनं दोनदा इचारलं. बाबा जमिनीकडं पाहून राह्यला होता, म्हणून तिनं इचारलेलंबी त्याले समजलं नाही. मग तो घरी निघून गेला.

बाया आज मानीबाईच्या मागं गेल्या, अन् सुखरूप परत आल्या. आपल्या घराकडं कोणी फिरकलं नाही. बाबा जेवला नाही. मी समोर गेली की तोंड फिरवते. त्यानं तोंड फिरवलं की माझं बोलणं बंद. मी रडली, ओरडली, माफी मागितली, सारं त्याच्या पाठीले.

मी चूक केली असं मले वाटत नाही. पण हे घर सोडून निघताना पाय उचलंल का नाही, ते माहीत नाही. तरी मी सोळाले निघते. तो जा म्हणाला नाही, थांबबी म्हणाला नाही.

दादा, तू ये. वणीचं नाव काढू नको. वाटलं तर माझ्या नावानं शिव्या दे, त्याले बरं वाटंल. पण दारातून हाक मारून परत जाऊ नको. आत जा, त्याच्यासमोर बस. तो तोंड फिरवंल, तू उठून त्या बाजूले जाऊन बस. पुन्हा फिरवंल, पुन्हा बस.

साऱ्या गावासमोर बापाले बहिरा म्हणणारी,
तुही बहीण
दीपमाला