गाडीचं तेल आणि मिस्त्रींचा रेडिओ

आई,

गाडी अजून आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुझा पहिला प्रश्न तोच असणार. रंग उडाला आहे, मागचं डावं दार फक्त आतून उघडतं, आणि तुझी सून तिला "आपलं तिसरं लेकरू" म्हणते, ते काही प्रेमाने नव्हे. पण आहे, आणि चालते. काल तिला घेऊन आर्वीला गेलो होतो, तुझ्या मिस्त्रींकडे, तेल बदलायला. तिथून परतल्यापासून तुला लिहायचं आहे. खरं म्हणजे एकोणीस वर्षांपासून सांगायचं आहे. पण काल पहिल्यांदा मला कोणीतरी तसं बजावलं, आणि ज्यांनी बजावलं त्यांचं ऐकणं मला भाग आहे. आज रविवार. कॉलेजचं ग्रंथालय बंद, चहा झालेला, वर्ध्यात कुणाकडे जायचं नाही. पळवाट शिल्लक नाही.

तुला तेल कळायचं. शाळेत तू मुलींना गणित शिकवायचीस, पण गाडीच्या तेलाला तू स्वयंपाकघरातलं शास्त्र लावायचीस. ती एक दुपार मला आठवते. तू रव्याच्या लाडवांचा पाक करते आहेस. चमच्यातला थेंब अंगठा आणि बोटात धरून ताणतेस, एक तार निघते, तू गॅस बंद करतेस आणि तशीच अंगणात येतेस. बोनेट उघडतेस, तेलाची पट्टी ओढून काढतेस आणि तिच्या टोकाचं काळं तेल त्याच दोन बोटांत धरतेस. "हे पाह्य. तार येऊनच नाई राह्यली. पाणी झालं याचं." मी म्हणतो, आई, पुस्तकात लिहिलंय तितके किलोमीटर अजून झालेले नाहीत. तू म्हणतेस, "पुस्तकाले बोटं नाईत, बापू." मग हात धुऊन लाडू वळायला बसतेस. त्या लाडवांना ऑइलचा वास कधी आला नाही. मी दर वेळी हुंगून पाहत असे.

ते पुस्तक म्हणजे गाडीबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक. गाडी आपण जुनी घेतली होती, आणि पहिल्या मालकाने त्या पुस्तकाचं प्लास्टिकसुद्धा फाडलं नव्हतं. मी ते दोनदा वाचलं. सव्वीस वर्षांचा होतो, नुकताच ग्रंथालयात लागलो होतो, आणि आख्ख्या आर्वी तालुक्यात ते पुस्तक वाचलेला मी एकटाच असेन याचा मला अभिमान होता. त्यात पातळ तेल सांगितलं होतं, दहा-तीस नंबरचं. मिस्त्री टाकायचे वीस-पन्नास, म्हणजे जाड. तेल बदलायच्या त्या शनिवारी मी पुस्तक घेऊनच तुझ्याबरोबर दुकानात गेलो आणि पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी पान पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, हे पुस्तक गाडी नवी असतानी लिवलं. आता इंजिन घासलं. म्हाताऱ्याले अन् लेकराले एकाच मापाचे कपडे शिवतेत का?" तू हसलीस. मग त्यांनी रेडिओवरची मॅच ऐकत ऐकत डब्यातलं जाड तेल इंजिनात ओतलं. तुझ्या त्या हसण्याचा मला फार राग आला होता, पण माझ्या त्या वेळच्या डायरीत तसं लिहिलेलं नाही. डायरीत लिहिलं आहे, "मिस्त्री अशास्त्रीय आहेत."

आता जे सांगायचं ते. सोमवारी तू शाळेत गेल्यावर मी वर्ध्याहून आणून ठेवलेला पातळ तेलाचा डबा काढला आणि घमेलं घेऊन गाडीखाली शिरलो. मिस्त्रींचं चुकीचं तेल काढून टाकायचं आणि बरोबर तेल भरायचं, तुम्हा दोघांना कळूही द्यायचं नाही, एवढाच विचार होता. पुढे गाडी चांगली चालली की सांगणार होतो. पुस्तकातल्या चित्रात गाडी डावीकडून दाखवली होती आणि मी उजवीकडून शिरलो होतो. गाडीखाली दोन नट असतात, एक इंजिनाचं तेल काढायचा, एक गिअरबॉक्सचं. मला एक सापडला. पाना बसेना म्हणून पकडीने धरून फिरवला, त्याच्या कडा गेल्या, पण निघाला. घमेल्यात जे तेल पडलं ते मधासारखं स्वच्छ आणि घट्ट होतं. मी म्हटलं, बरोबर, परवाच तर टाकलंय. घट्टही असणारच, मिस्त्रींनी जाडच टाकलंय. सगळा पुरावा जुळत होता. वास तेवढा उग्र येत होता, तो मी अशास्त्रीयपणाचा धरला.

नट बसवला आणि इंजिनात आख्खा डबा ओतला. इंजिनात मिस्त्रींचं तेल होतंच, त्यावर हे. पट्टी काढून पाहिली तर तेल खुणेच्या वर, पार दांडीपर्यंत. मी डायरीत लिहिलं, "तेल अजून खाली उतरायचं असावं." घमेल्यातलं तेल वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना फासलं. पुरावा असा नष्ट झाला, पण हेतू खरोखर वाळवीचाच होता.

दुसऱ्या दिवशी आष्टीला तुझ्या शाळेतल्या मॅडमच्या मुलीचं साक्षगंध. तू जरीच्या साडीत गाडी चालवते आहेस, मी शेजारी, मागे दोन मॅडम. गाव मागे पडतं न पडतं तोच गिअर कण्हायला लागतो. मग धूर. आधी निळसर, मग पांढरा, मग इतका की मागचा रस्ता दिसेना. बैलगाडीवाला थांबून विचारतो, "मॅडम, गाडीत हुरडा भाजून राह्यले का?" मागच्या मॅडम पदर नाकाला लावून म्हणतात, "बावा! माह्या सासूच्या चुलीचाही एवढा धूर नोयता." तू नजर रस्त्यावरच ठेवतेस. तुझा जबडा मात्र मला दिसतो आहे. आष्टी पाच-सहा किलोमीटर राहिली आणि गाडी थांबली. तिला ट्रॅक्टरला बांधून परत आणावं लागलं, सरळ मिस्त्रींच्या दुकानात. साक्षगंध राहिलं.

मिस्त्रींनी पट्टी ओढली. तेल दांडीपर्यंत. खाली शिरून गिअरबॉक्सचा नट खोलला. आत ठणठणाट. ते बाहेर आले आणि आपल्याच हातांकडे बघत राहिले. तू चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालीस, "मिस्त्री, मी साठ-साठ पोरींच्या वह्या तपासते, एकीची चूक सुटत नाई. तुमच्यापाशी तर एकच गाडी होती. ध्यान कुठं होतं तुमचं?" ते म्हणाले, "चुकलं, मॅडम. मॅच चालू होती." आणि उठून त्यांनी रेडिओ बंद केला. दुकानात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. माझ्या पिशवीत पुस्तक होतं. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तेवढंच केलं.

त्यांनी आठ दिवस दुसरं काम घेतलं नाही, गिअरबॉक्स खोलून आतली बेअरिंगं बदलली. पुढे तू त्यांच्याकडेच जात राहिलीस, पण तेल ओतताना परीक्षेतल्या सुपरवायझरसारखी शेजारी उभी राहायचीस. मी तुला सांगायचा प्रयत्न तीनदा केला. पहिल्यांदा तू पेपर तपासत होतीस. दुसऱ्यांदा कुंपणाचे खांब बघून तू म्हणालीस, "यंदा वाळवी नाई लागली, चांगलं काम केलं तू," आणि माझा धीर गेला. तिसऱ्यांदा दवाखान्यात. तू डोळे मिटून होतीस. मी "आई" म्हटलं आणि तूच विचारलंस, "गाडीचं तेल पाह्यलं?" मी हो म्हटलं. "तार येते?" मी म्हटलं, येते. पाहिलं नव्हतं. तू झोपल्यावर खाली जाऊन पाहिलं. येत होती. तरी ते खोटंच होतं, कारण उत्तर आधी दिलं आणि पाहिलं नंतर.

तू गेल्यावर मिस्त्रींना तोंड दाखवायला नको म्हणून मी गाडी वर्ध्यातल्याच एका गॅरेजमध्ये नेऊ लागलो. या खेपेला तिथे नवा मेकॅनिक होता. त्याने मोबाइलवर गाडीचं मॉडेल शोधून दहा-तीसचं पातळ तेल टाकलं. अगदी पुस्तकातलं. एकोणीस वर्षांनी माझं म्हणणं कोणीतरी ऐकलं होतं. आठ दिवसांत गाडी तापली की इंजिन खडखडू लागलं आणि सिग्नलला थांबलं की तेलाचा लाल दिवा लुकलुकू लागला. मेकॅनिक म्हणाला, "सर, भंगारात द्या आता." मी गाडी आर्वीकडे वळवली.

मिस्त्री आता सत्तरीचे आहेत. दुकानावर पाटी आहे, "आपले तेल आपल्या बोटाने पाहून घ्यावे." त्यांनी गाडीचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "पातळ टाकलं ना कोण्या हुशारानं?" मी मान डोलावली. त्यांनी तेल बदललं, पट्टी पुसली, बुडवली, काढली, मला बोट लावायला लावलं. शेजारी एक पिकअपवाला थांबला होता, त्याने विचारलं, हे काय नाटक? मिस्त्री त्याला सांगू लागले. "हे या भाऊच्या मायनं शिकवलं. मॅडम होत्या. एका वक्ती मॅचच्या नादात म्या इंजिनात डबल तेल टाकलं, अन् गिअरचं काढून फेकलं. तवापासून दुकानात रेडिओ बंद. गिऱ्हाइकाचं बोट लागल्याबिगर बोनेट बंद नाई. अमरावतीवरून लोकं येतेत माह्याकडं." माझा गुन्हा त्यांनी इतक्या तपशिलाने आणि इतक्या मनापासून स्वतःच्या नावावर सांगितला की क्षणभर मलाही तो त्यांचाच वाटला.

मग मी सांगितलं. सगळं. घमेलं, डबा, खांब. ते हसले. "भाऊ, तुमी मोठ्या मनाचे. पण मॅडम चुकीचं बोलतीनच कशा?" मी म्हटलं, नट पकडीने खोलला होता, त्याच्या कडा गेल्या होत्या. त्यांचं हसणं थांबलं. ते उठले. भिंतीवर, त्या बंद रेडिओच्या शेजारी, खिळ्याला तारेने एक नट लटकवलेला होता. त्यांनी तो काढून माझ्या हातावर ठेवला. पकडीचे दात अजून दिसतात, आई. "एकोणीस वर्षं सोचून राह्यलो म्या, का पाना सोडून म्या पकड काऊन घेतली असन. आमच्या उस्तादानं हात तोडला असता." त्यांनी रेडिओकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे इतके वर्ल्ड कप म्या फुकटच सोडले?"

पिकअपवाला हसू दाबत टायर बघू लागला. मी म्हटलं, मिस्त्री, माफ करा. रेडिओ लावा, मी नवीन आणून देतो. त्यांनी नट माझ्याकडून परत घेतला आणि त्याच खिळ्याला लावला.

"तुमी सांगितलं, म्या आयकलं. पण बोलल्या मॅडम होत्या, चार लोकायसमोर. तुमच्या म्हणण्यानं ते वापस नाई होत. मॅडमले सांगितलं का तुमी?"

"नाही."

"मंग मले काऊन सांगून राह्यले? पयले त्यायले सांगा."

"मिस्त्री, तिला जाऊन अकरा वर्षं झाली."

"मालूम हाय. तेरवीले पंगतीत म्या वाढत होतो. तरी बी सांगा. रेडिओ त्यायच्या बोलण्यानं बंद झाला, त्यायच्याच बोलण्यानं लागन."

गाडी येताना गुळगुळीत आली. लाल दिवा एकदाही लागला नाही. जाड तेलच बरोबर होतं, हेही लिहून ठेवतो.

तर सांगितलं. हे पत्र गाडीच्या पुस्तकात, तेलाच्या पानावर ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवणार? उद्या मिस्त्रींना फोन करून सांगेन की मॅडमला सांगितलं. ते विचारतील, काय म्हणाल्या? तिथे मी अडतो आहे. तुझ्या वतीने काही बोललो तर ते पुन्हा खोटंच, आणि नाही बोललो तर रेडिओ बंदच. मगाशी एका कोऱ्या कागदावर मी दोन ओळी लिहून पाहिल्या, "मिस्त्री, चूक माझ्या मुलाची होती. रेडिओ लावा." खाली तुझी सही केली. हुबेहूब आली, शेवटच्या अक्षराचा वर गेलेला फाटासुद्धा. मग लाज वाटून कागद फाडला. पण सही इतकी चांगली कशी आली हे तू विचारल्याशिवाय राहणार नाहीस. सातवीच्या सहामाहीचा गणिताचा पेपर तुला दाखवला नव्हता, आई, आणि त्यावर पालकांची सही लागत होती.