नातीचे नाव त्या दिवशी जे असेल ते

मी, खाली सही करणारी, पुस्तकबांधणी करणाऱ्या कारागिराची विधवा, वय एकाहत्तर. डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. सून मागे लागली आहे हे खरे, पण ते वेगळ्याच कामासाठी. ते पुढे येईल.

एक. राहते घर, दोन खोल्या आणि मागची पडवी, माझ्या मुलाच्या एकुलत्या एका मुलीला द्यावे. ती सज्ञान होईपर्यंत मुलाने सांभाळावे. वकील म्हणाले, "बाई, वारसाचं नाव नको का?" मी म्हणाले, "लिहिते की. पण शाई वाळेपर्यंत तेच राहील याची हमी तुम्ही घेता का?" तेव्हा तिचे नाव त्या दिवशी जे असेल ते धरावे.

दोन. यांचा पुस्तके दाबायचा शिकंजा, कातरी आणि सुया शेजारच्या छपाईवाल्यांना द्याव्यात. यांनी घरी आणलेले छापील कागद दुमडता दुमडता मी वाचायला शिकले. पाने उलटसुलट यायची, त्यामुळे काही गोष्टींचे शेवट मला आधी कळले आणि काहींचे अजून कळायचे आहेत. अशाच एका सुट्या पानावर आम्हाला ते नाव सापडले. कोणी ऐकलेले नव्हते. मग यांनीच ठरवले, पहिले अक्षर लांबवायचे आणि शेवटचे अलगद सोडायचे. आमच्या पहिल्या मुलीचे ते नाव. शाळेत जायच्या आधीच ती तापाने गेली. त्यानंतर यांनी ते नाव घरात कधी काढले नाही. मुलगा नंतरचा. बहीण होती हे त्याला माहीत आहे, तिचे नाव माहीत नाही.

तीन. मधल्या जाऊबाईंना काहीही देऊ नये. मुलगी गेली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "असलं नाव ठेवल्यावर आणखी काय होणार?" त्यांच्या पणतीचे नाव आता तेच आहे. तेवढे पुरे.

चार. बचत मुलगा आणि सून यांना निम्मी निम्मी. सुनेचा हिस्सा वेगळा काढते, कारण नावे शोधण्यात तिची फार मेहनत गेली आहे. नात पोटात असताना तिने फोनवर नेमके तेच नाव शोधून काढले. 'दुर्मिळ, गोड, उच्चारायला सोपे' असे तिथे लिहिले होते. ती सांगायला आली आणि माझ्या तोंडून ते नाव यांच्या चालीने बाहेर पडले.

"आई, चुकलं तुमचं," सून म्हणाली. "फोनमधली बाई बघा कशी म्हणते."

ऐकले. ती बाई लिफ्टचा मजला सांगावा तशी म्हणाली. ते नाव कोणाचे होते, हे मी सांगितले नाही. तेव्हापासून मला रोज सुधारले जाते. दवाखान्यात कोणी ते औषधासारखे पुकारले, तर त्यांनाही. पाळणाघराच्या बाईंना सुनेने रेकॉर्डिंग पाठवले.

मग एका मालिकेतल्या नायिकेला ते नाव मिळाले. आता नातीच्या वर्गात त्या नावाच्या चार जणी आहेत आणि गल्लीत एक कुत्री. कुत्रीचे कळल्यावर सून रात्री जेवली नाही. "फारच कॉमन झालंय हो आई." नाव बदलायचा अर्ज तयार आहे, माझीही संमती हवी म्हणून ती मागे लागली आहे. नवे नाव मला म्हणता येत नाही. मुलालाही येत नाही, पण तो मान हलवतो.

पाच. नाव बदलले तरी घर नातीचेच. "अट घाला, म्हणजे सुतासारखे सरळ येतील," असे शेजारीण सुचवत होती. तसे करणार नाही. विटांच्या धाकाने राखलेल्या नावाने कोणी मायेने हाक मारत नाही. मात्र या कागदाची एक प्रत मुलाला आजच द्यावी. माझ्या मरणापर्यंत तो अर्ज थांबणार नाही. बाळांनो, नाव टाकायचे तर टाका. पण टाकताना ते कोणाचे होते हे माहीत असू द्या. टाकलेत तर मी परत घेईन आणि माझ्या चालीने म्हणत राहीन. मग मला कोणी सुधारायचे नाही.

स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ९ सप्टेंबर २०२५
सही : (माझी)

साक्षीदार पहिले, डॉक्टर : बाईंना तपासले. शुद्धीवर आहेत, माझ्यापेक्षा जास्त.

साक्षीदार दुसरे, छपाईवाले : मजकूर माझ्यासमोर वाचला. शेवटी बाईंनी ते नाव मोठ्याने म्हटले. बांधणीवाले दुकानाच्या दारातून लेकीला जी हाक मारायचे, ती हीच. मी ती ऐकली आहे.